अमावस्येचं दूध

तिसऱ्या कॅनमध्ये त्या सकाळी सात घरांचं दूध होतं. कोड एकोणीसचं पाच लिटर, बावीसचं चार, सत्तावीसचं सहा, आठचं दोन, पंचेचाळीसचं सात, एकसष्टचं तीन आणि चौतीसचं बारा. एकूण एकोणचाळीस. चाळीस लिटरच्या कॅनला एक लिटरची जागा उरली होती. संयोगितानं झाकण ठोकून बसवलं तेव्हा केंद्रासमोरची रांग संपली होती.

एकसष्ट म्हणजे वरच्या वस्तीवरची अंजना. चौतीस म्हणजे संयोगिताचं स्वतःचं घर; त्या कोडवर तिच्या सासूचं, मनुबाईंचं नाव होतं. बाकीची पाच घरं या गोष्टीत दुधापुरतीच आहेत.

कोरेगावच्या पूर्वेला, डांबरी सोडून आत गेल्यावर हे गाव लागतं. दूध संकलन केंद्र ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आहे आणि ते सकाळ-संध्याकाळ उघडतं. सचिव दादासो काट्यावर दूध मोजून घेत. संयोगिता प्रत्येकाच्या किटलीतलं थोडं दूध बाटलीत काढून मशीनला लावायची आणि उरलेली बाटली कोड लिहून फ्रिजमध्ये ठेवायची. दूध पुढे डेअरीत पास झाल्याचा निरोप आला की बाटल्या धुवायच्या. मशीन फॅट सांगायचं, पाणी घातलं असेल तर तेही ओळखायचं. दूध आंबायला लागलं आहे का, हे मात्र त्याला कळत नसे. एरवी कळायची गरजही नव्हती. म्हशीखालून निघालेलं दूध तासाच्या आत केंद्रावर यायचं. गरज पडायची ती महिन्यातून एकदा, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी.

अमावस्येला हे गाव दूध विकत नाही. देवाचा नेम आहे. त्या दिवशी निघालेलं दूध घरातच ठेवायचं, त्याची खीर करायची, विरजण लावायचं, तूप कढवायचं, ज्यांच्या दावणीला जनावर नाही त्यांच्या घरी तांब्याभर पोचवायचं. केंद्राला कुलूप असतं. पण नेम पाळला तरी दूध संपतंच असं नाही. रात्रीचं राहिलेलं दूध कुणीतरी सकाळच्या ताज्या दुधात ओततं, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तेवढ्यानं कॅन फाटतो. दोन वर्षांपूर्वी असा एक कॅन परत आला होता. तेव्हापासून अमावस्येच्या दुसऱ्या सकाळी संयोगिता प्रत्येकाचं थोडं दूध परीक्षानळीत घ्यायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळून बघायची. फाटलं तर किटली परत. याला कुणी हरकत घेतली नाही. आंबट दुधापेक्षा अमावस्येचं दूध विकलं हा बोल गावात जास्त लागायचा.

एकाच घराचं दूध ती उकळत नसे. मनुबाई रोज सकाळी पहिल्या येत, किटली काट्यावर ठेवत आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहत. देवळात अमावस्येचा नैवेद्य त्यांच्या हातचा असे. गेलं वर्षभर गुडघे धरले होते, करोनानंतर नाकाला वास यायचा बंद झाला होता, तरी नेमात खंड नव्हता. त्या बाईचं दूध तिच्याच सुनेनं चारचौघांत दिव्यावर धरायचं म्हणजे काय, हे रांगेतल्या सगळ्यांना कळत होतं. पहिल्याच वेळी संयोगितानं परीक्षानळी हातात घेतली आणि सासूकडे बघून परत स्टँडमध्ये ठेवली. मग तसंच चालू राहिलं.

संयोगिताचं माहेर पलूसकडचं. तिनं सांगलीच्या कॉलेजात बीएस्सीची तिन्ही वर्षं केमिस्ट्री घेऊन काढली. शेवटच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात तिचं लग्न झालं. मुलगा सैन्यात, सुट्टी मोजकी, मुहूर्त तोच. पुढच्या वेळी दे की, एकच तर विषय राहिलाय, असं माहेरचेही म्हणाले आणि सासरचेही. पुढच्या वेळी ती गेली. पण वर्षभरात हाताला शेणाची आणि विळ्याची सवय झाली होती. ब्युरेटची, थेंबाथेंबानं द्रावण सोडायच्या काचनळीची, तोटी तिला हळू फिरवता येईना. जेमतेम यायचा तो रंग गडद झाला, तीन वेळा झाला, आणि ती नापास झाली. त्यानंतर पुस्तकं खताच्या रिकाम्या पोत्यात घालून माळ्यावर गेली.

मग दिवस एकाला एक लागत गेले. धारा, केंद्र, भाकरी, वैरण, धुणं, पुन्हा धारा, पुन्हा केंद्र. नवरा वीरधवल पठाणकोटला होता. तो फोनवर विचारायचा काय चाललंय, आणि ती म्हणायची, चाललंय. त्यात खोटं काही नव्हतं. एकदा केंद्रावर मशीन धुताना तिला सहज वाटलं, थायोसल्फेटचं सूत्र काय होतं? तिला आठवेना. किती सोडियम, किती गंधक, काहीच. ती बाटल्या धूत राहिली आणि आठवत राहिली. घरी जाऊन भाकरी थापतानाही आठवत राहिली. जे एकेकाळी झोपेतही सांगता आलं असतं ते आपल्या डोक्यातून कधी गेलं हे आपल्याला कळलंसुद्धा नाही, या गोष्टीची तिला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं शिडी लावून पोतं खाली काढलं.

त्याच सुमारास तिची कॉलेजातली मैत्रीण स्वप्नाली हिनं विद्यापीठाची सूचना पाठवली. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा होती. राहिलेला विषय या वेळी निघाला नाही, तर आधीची तिन्ही वर्षं धरली जाणार नव्हती. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका डेअरीला प्रयोगशाळेसाठी माणसं हवी होती, पण पदवी लागत होती. वीरधवलला तिनं हे सांगितलं. तो म्हणाला, पास हो, साताऱ्यात खोली बघू, आईलाही घेऊ, म्हसरं एखाद्याला लावून देऊ. मनुबाई शेजारी बसून स्पीकरवर ऐकत होत्या. म्हणाल्या, आधी म्हसरांना इच्चारा, त्यांला साताऱ्याचं पानी सोसंल का.

टोमणे मनुबाईंनी पुष्कळ मारले, पण पुस्तक हातातून काढून घेतलं नाही. म्हशींना केमिस्ट्री शिकव, मग त्या बाटलीतच दूध देतील, असं म्हणायच्या. संयोगिता गोठ्यात पुस्तक न्यायची तेव्हा वैरणीची पेंडी स्वतः सोडायच्या.

ब्युरेटचा प्रश्न केंद्रानं सोडवला. डेअरीनं कधीकाळी दुधाची आम्लता मोजायची पेटी पाठवली होती. तिच्यात ब्युरेट होतं, पिपेट होतं, कॉस्टिक सोड्याचं द्रावण होतं आणि रंग दाखवणाऱ्या इंडिकेटरची, फिनॉल्फ्थॅलिनची, कुपी होती. पेटीची दोरीही कुणी सोडली नव्हती. संयोगितानं ती सोडली. संकलन संपल्यावर ती उरलेल्या बाटल्यांतलं दूध घेऊन बसायची. दहा मिली दूध, तेवढंच पाणी, इंडिकेटरचे थेंब, आणि वरून सोडा थेंबाथेंबानं. दूध जेमतेम गुलाबी झालं आणि गुलाबी राहिलं की थांबायचं. सोडा जितका जास्त लागेल तितकं आम्ल जास्त. ताज्या दुधाला दीडएक मिली पुरतो. पहिल्या महिन्यात तिचं दूध दरवेळी गडद व्हायचं. उन्हाळा लागेपर्यंत हात ऐकायला लागला.

परीक्षेची तारीख चैत्रातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आली. अकराला सांगली. संयोगितानं दादासोंना सुट्टी मागितली. ते म्हणाले की एरवी मी मशीन चालवीन, पण अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी ते उकळायचं काम मला जमायचं नाही, लोक माझ्याशी भांडतील. सकाळचं तेवढं उरकून जा, टेम्पो फाट्यावर सोडंल.

अमावस्येच्या दिवशी केंद्र बंद, म्हणून तो तिचा अभ्यासाचा दिवस. संध्याकाळी मनुबाई धारा काढून, नैवेद्याचं ताट घेऊन देवळात गेल्या. जाताना सांगून गेल्या की दूध तापवून विरजण लाव, भजन आटपून यायला मला उशीर होईल. संयोगिता हो म्हणाली. मग तिनं केंद्राची किल्ली घेतली. तिला फक्त एकदा हात बघायचा होता. रिकाम्या खोलीत बसून तिनं घरून नेलेल्या दुधाचं टायट्रेशन, तीच थेंबाथेंबाची मोजणी, केलं. पहिलं वाचन, दुसरं, तिसरं, तिन्ही सारखी आली. ती घरी आली ती हवेत तरंगत. जेवली, हॉलतिकीट पिशवीत घातलं आणि झोपली.

सकाळी मनुबाई पहिल्या आल्या नाहीत. सगळ्यांच्या शेवटी, अंजनाच्याही मागून आल्या. संयोगिताच्या टेबलावर दिवा जळत होता, नळ्यांचा ढीग पडला होता आणि टेम्पोवाला हॉर्न देत होता. दादासोंनी किटली काट्यावर ठेवली आणि म्हणाले की मनुबाई, रोज नऊवर काटा थांबतो, आज बारा, म्हशींनी सुनेच्या परीक्षेचा पेढा दिला काय. मनुबाई म्हणाल्या, घरात ठेवलंच नाही आज. सगळे हसले, संयोगिताही हसली. तिनं बाटलीत नमुना काढला, वर चौतीस लिहिलं, फ्रिजमध्ये ठेवली. दूध तिसऱ्या कॅनमध्ये ओतलं. मनुबाईंनी तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि लगेच पाठ फिरवून निघून गेल्या.

टेम्पोत ती ड्रायव्हरशेजारी बसली. मागे कॅन एकमेकांवर आपटत होते.

सांगलीत पहिला प्रयोग फिजिकल केमिस्ट्रीचा होता आणि तो बरा गेला नाही. आलेख काढताना तिचे दोन बिंदू रेषेच्या बाहेर गेले. बाजूच्या टेबलांवरची मुलं तिच्याहून सहा-सात वर्षांनी लहान होती. एकानं तिला मॅडम म्हटलं, मग तिच्या अंगावरचा ॲप्रन बघून गप्प झाला. मधली सुट्टी झाली. ती व्हरांड्यात आली, पिशवीतून फोन काढला. दादासोंचे आठ कॉल होते.

तिनं लावला.

"वहिनी, तीन नंबरचा कॅन माघारी आला," दादासो म्हणाले. "तितं डेअरीत उकळला, लगेच फाटला. टेम्पोवाल्यानं दारात आणून ठेवला. लोक जमल्यात."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. दादासो सांगतच राहिले.

"म्या म्हणलं सात घरं हायती त्यात. आता लोकच म्हणाय लागल्यात, अंजनाचं असंल. वर वस्तीवर लाइट न्हाई धड, फ्रीज न्हाई. अमावस्येचं ठेवलं आसंल आनि आणलं आसंल."

"अंजनाकाकींचं मी उकळून बघितलंय. चांगलं होतं."

"घाई होती तुमाला. नजर चुकली आसंल."

"न्हाई चुकली, भावजी."

"मग ऱ्हायलं कोण?"

सातपैकी सहा नळ्या तिनं स्वतःच्या हातानं दिव्यावर धरल्या होत्या. त्या सहाही जणांचं दूध तिला डोळ्यासमोर दिसत होतं, पांढरं, एकसारखं, नळीच्या काचेला कुठं कण नाही. मग तिला दुसरं काही दिसलं. ओट्यावरचं पातेलं, झाकण घातलेलं, काल संध्याकाळी होतं तिथंच. तिनं गॅस लावला नव्हता. विरजण लावलं नव्हतं. चैत्रातली रात्र, पत्र्याखालचं स्वयंपाकघर. दादासो पलीकडून हॅलो हॅलो म्हणत होते.

"मी आल्यावर सांगते," ती म्हणाली.

"तवर लोक थांबत न्हाईत वहिनी."

आत बेल झाली. दोन शब्द सांगायला बेल आड येत नाही. चौतीस, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर दादासोंनी पुढचं विचारलं असतं, गावानं मनुबाईंच्या दारात जाऊन विचारलं असतं, आणि तिला सांगलीत उभं राहून पुढचा प्रयोग करता आला नसता. ती मिळेल ती एसटी धरून परतली असती. तिनं फोन बंद करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या प्रयोगाच्या चिठ्ठ्या टेबलावर पालथ्या ठेवल्या होत्या. तिला व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल मोजायचं आलं. सोडा तोच, फिनॉल्फ्थॅलिन तेच. तिनं ब्युरेट भरलं, तळाशी अडकलेला बुडबुडा काढला, फ्लास्क हातात घेऊन तोटी सोडली. हात थरथरत नव्हता, याचं तिला मागाहून फार वाईट वाटलं. द्रावणात गुलाबी धागा उठायचा आणि विरायचा. तेवढ्या वेळात, तिनं मनात हिशेब केला, कॅन केंद्रामागच्या नाल्यात ओतला गेला असेल. धागा उठला, विरला. अंजनाकाकी सकाळचं दूध घालून खुरपायला जाते, तिला शेतातून बोलावून आणलं असेल. आणखी एक थेंब. गुलाबी राहिलं. तिनं वाचन लिहिलं. दुसरं केलं, तिसरं केलं. तिन्ही सारखी आली.

बाहेरून आलेले परीक्षक वही बघून म्हणाले की हात चांगला आहे, कुठं काम करता का. ती म्हणाली, दूध केंद्रावर. त्यांनी विचारलं, तिथं आम्लता मोजता? ती म्हणाली, सगळ्यांची नाही. त्यांना ते उत्तर नीटसं कळलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. संध्याकाळचं संकलन दादासोंनी एकट्यानं उरकलं होतं. मनुबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती, भाकरी झाल्या होत्या. पातेलं घासून पालथं घातलं होतं.

आल्या आल्या तिला कळलं ते असं. अंजनाला दुपारी केंद्रासमोर उभं केलं. ती एकच म्हणत राहिली की माझं दूध हिनं उकळून बघितलंय, हिला विचारा. लोक म्हणाले, ती तर काही सांगत नाही, आल्यावर सांगते म्हणाली, म्हणजे काय ते समज. बाकीच्या घरांतल्या एका बाईनं तिला म्हटलं की नवरा गेला तो असल्याच वागण्यानं. दादासोंनी तिचं दूध घालायचं कार्ड काढून घेतलं. केंद्राचा नियम गावानंच केलेला होता: अमावस्येचं दूध ज्याचं निघेल त्याचा कोड वर्षभर बंद. अंजनाच्या घरात दोन गाई, एक शाळेतली मुलगी राणी, आणि दुसरी मिळकत नाही.

हे सगळं मनुबाईंनीच सांगितलं, चुलीकडे बघत.

"आत्या, तुमी तिथं हुता?"

"हुते."

"आनि काय म्हनला न्हाई?"

मनुबाईंनी पदर सारखा केला. मग बोलल्या ते सावकाश.

"सकाळी उठले, पातेलं बघितलं. दूध तसंच. तुला उठवनार हुते, बोलनार हुते. मग म्हणलं, आज हिची परीक्षा. घरातनं रडत नगं जायला. ओतून टाकाय हात हुईना. देवाच्या दिवसाचं दूध, मोरीत कसं ओतू? नाकाला तर काय कळत न्हाई माज्या. म्हणलं थोडं थोडं घालू, खपंल. निम्मं घातलं."

"मला सांगायचं."

"तू उकळून बघशील वाटलं." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "म्हणून शेवटाला आले. म्हणलं, फाटलं तर फाटलं, कुनी नसंल बघाय. तू नळी घेतलीच न्हाईस."

बाहेर गोठ्यात म्हशीनं दावं ओढलं. संयोगिता उभीच होती. खांद्यावरची पिशवीही तिनं उतरवली नव्हती.

"बाटल्या फ्रिजात हायती अजून," ती म्हणाली. "सातीच्या साती."

"म्हायती हाय. चावी तुज्याजवळ हाय."

त्यापुढे मनुबाईंनी काही मागितलं नाही. बाटल्या धुवून टाक असं म्हणाल्या नाहीत. फक्त इतकं म्हणाल्या की त्या गावात नांदायला आल्या तेव्हापासून अमावस्येचा नैवेद्य त्यांनी चुकवलेला नाही, सासरे गेले त्या महिन्यातही नाही. मग उठल्या, तिचं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता आत गेल्या.

वीरधवलचा फोन आला. पेपर कसा गेला, त्यानं विचारलं. बरा गेला, ती म्हणाली. तो खूष झाला. पुढचं तिनं त्याला सांगितलं नाही.

पहाटे धारा दोघींनी काढल्या, रोजच्यासारख्या. चौतीसची किटली भरली गेली नाही. मनुबाईंनी सगळं दूध तापायला ठेवलं आणि दारात बसून राहिल्या. संयोगिता केंद्रावर गेली. आज तिनं टेबल आत मांडलं नाही. ओढत पायरीपर्यंत आणलं, रांगेसमोर. पेटी उघडली. ब्युरेटचा स्टँड लावला, सोडा भरला, बुडबुडा काढला. मग फ्रिज उघडून सात बाटल्या ओळीनं मांडल्या, कोड लोकांकडे करून.

दादासो जवळ आले. हळू आवाजात म्हणाले की कालचं काल मिटलं, आता कशाला उकरायचं.

"मिटलं न्हाई, भावजी. कार्ड काढलंय तुमी."

ते बाटल्यांकडे बघत होते. शेवटच्या बाटलीवर त्यांची नजर थांबली, आणि संयोगिताला वाटलं, यांना कालच्या बारा लिटरची आठवण कालच आली असणार.

"वहिनी, ऐका माजं. भलतंच निघालं तर कोड तर बंद हुईलच. पर त्या घरचं मानूस मशीनवर ठेवता याचं न्हाई मला. लोक ठिवू देत न्हाईत."

"मला ठाऊक हाय."

"मनुबाईंचं वय बघा."

तिनं पिपेट धुतलं. रांगेच्या शेवटी, रांगेत नसल्यासारखी, अंजना उभी होती. कार्ड नव्हतं, तरी तीन लिटरची किटली घेऊन आली होती. शेजारी राणी शाळेच्या कपड्यांत, आईचा पदर धरून. संयोगितानं तिला पुढे बोलावलं. अंजना हलली नाही. म्हणाली, "काल बोलवायचं हुतंस, बाई." आणि तिथंच उभी राहिली.

संयोगितानं लोकांना एकदाच सांगितलं. या कालच्या बाटल्या आहेत, सगळ्या एकाच फ्रिजमध्ये होत्या, त्यामुळे सगळ्यांना सारखाच वेळ मिळाला आहे. चांगल्या दुधाला दीड ते पावणेदोन मिली सोडा लागतो. टक्केवारीत ०.१७ च्या वर गेलं तर केंद्र दूध घेत नाही. वाचन मी मोठ्यानं म्हणेन, ज्याला बघायचं आहे त्यानं जवळ येऊन काचेवर बघावं. दोघं-तिघं पुढे आले. दादासो काट्यापाशी जाऊन उभे राहिले, काट्यावर काही नव्हतं.

तिनं पहिली बाटली हलवली, दहा मिली दूध फ्लास्कमध्ये घेतलं, पाणी घातलं, थेंब टाकले. तोटी सोडली.

कोड एकोणीस, दीड मिली. ०.१४ टक्के.

कोड बावीस, एक पूर्णांक सहा. ०.१४.

कोड सत्तावीस, एक पूर्णांक सात. ०.१५.

मागे कुणी तरी विचारलं की एकसष्टचं आधी करा ना. ती म्हणाली, ओळीनंच करते. कोड आठ, एक पूर्णांक सहा. कोड पंचेचाळीस, एक पूर्णांक आठ, ०.१६, आणि त्या घरच्या बाईनं, कालच्या त्याच बाईनं, श्वास सोडला.

कोड एकसष्ट. राणी आईचा पदर सोडून टेबलापाशी आली आणि काचेच्या नळीत उतरणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. गुलाबी आलं, फ्लास्क फिरवला, तसंच राहिलं. दीड मिली. ०.१४ टक्के. संयोगितानं ते म्हटलं, मग पुन्हा एकदा म्हटलं. दादासोंनी खिशातून कार्ड काढलं आणि ते हातात धरून उभे राहिले.

रस्त्याच्या पलीकडे मनुबाई दारातून उठून उभ्या राहिल्या होत्या. तिथून त्यांना फ्लास्क दिसत नव्हता, माणसांच्या पाठी दिसत होत्या.

संयोगितानं फ्लास्क धुतला. ब्युरेट पुन्हा शून्यापर्यंत भरलं, डोळ्याच्या रेषेत आणून बघितलं. शेवटची बाटली हलवली. दहा मिली दूध, तेवढंच पाणी, तीन थेंब. तिनं तोटी सोडली. एक मिलीला गुलाबी धागा उठला आणि विरला. दीडला विरला. पावणेदोनला विरला. दोनच्या खुणेखाली सोडा उतरला तेव्हा पुढे आलेले दोघं मागे सरकले. ती थेंब थेंब सोडत राहिली, फ्लास्क फिरवत राहिली, रंग टिकेपर्यंत.

कोड चौतीस. दोन पूर्णांक नऊ मिली. ०.२६ टक्के.